शस्त्र खाली ठेवल्यावर

ग्वाल्हेरच्या दाल बाजारात दिवस पोत्यांनी उजाडतो. हरभरा, मसूर, तूर, मूग. पाठीवर पोतं घेऊन गर्दीतून वाट काढणारे हमाल, दुकानापुढे नमुन्यासाठी मांडलेले ढीग, भाव विचारणारे किरकोळ दुकानदार. आसपासच्या जिल्ह्यांतल्या किती घरांतली डाळ आधी या गल्ल्यांतून गेलेली असते, हे ती शिजवणाऱ्यांच्या ध्यानातही येत नसेल. शहराच्या ज्या भागात हा बाजार भरतो त्याला लष्कर म्हणतात. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून किल्ल्याच्या दक्षिणेला आपला तळ कायमचा टाकला. वर्षानुवर्षं फिरत राहिलेली छावणी तिथे थांबली, तंबूंच्या जागी वाडे आले, पेठा वसल्या, आणि त्यांच्यामागून सातारा-पुण्याकडची मराठी घरंही आली.

युद्धं का पेटतात यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पेटलेलं युद्ध विझल्यावर हातात शस्त्र असलेल्या माणसाचं काय होतं, त्याला घरी कोण पोचवतं, आणि घर उरलेलंच नसेल तर तो कुठे जातो, यावर फार कमी. ग्वाल्हेरपुढे हा प्रश्न दोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा उभा राहिला. म्हणून या प्रकरणासाठी मी हे शहर निवडलं.

आधी शिंद्यांच्या घराकडेच पाहू. १७५५ साली राणोजींचे थोरले चिरंजीव जयाप्पा मारवाडात नागोरच्या वेढ्यात दग्यानं मारले गेले. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेकाठी बुराडीच्या घाटावर दत्ताजी पडले. वर्षभरानं, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर तुकोजी गेले. जयाप्पांचा कोवळा मुलगा जनकोजी जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. महादजी वाचले ते पायावर कायमचा घाव घेऊन, आणि तेही राणेखान नावाच्या एका भिश्त्यानं त्यांना रणातून बाहेर काढलं म्हणून. सहा वर्षांत एका घरातली ही माणसं. ही नावं आपल्याला पाठ आहेत, कारण ते सरदार होते.

पानिपतावर ज्यांची नावं कुणालाच पाठ नाहीत ते बुणगे. फौजेबरोबर चालणारे व्यापारी, कारागीर, नोकरचाकर, यात्रेकरू, बायकामुलं. लढणाऱ्यांपेक्षा त्यांची संख्या कमी नव्हती, जास्तच होती. पानिपतची लढाई एका दिवसात संपली असं आपण म्हणतो, पण ती आधी अडीच महिने उपासमारीच्या रूपानं चालू होती. नोव्हेंबर १७६० पासून मराठी फौज खंदकाआड अडकली होती आणि अब्दालीनं तिच्या रसदेच्या वाटा एकेक करून बंद केल्या. अंतर्वेदीतून धान्य आणि पैसा पोचवण्याची जबाबदारी असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले आणि उरलीसुरली आशाही मावळली. जनावरं आधी मेली, मग माणसं. अखेर उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं सैन्यातूनच म्हटलं गेलं तेव्हा संक्रांतीच्या सुमारास फौज बाहेर पडली. त्या दिवशी संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी जी कत्तल झाली तीत सर्वांत जास्त मेले ते हातात काहीच नसलेले लोक. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत पानिपतचा नकाशा असतो, तोफा कुठे, गारदी कुठे, विश्वासराव कुठे. बुणगे कुठे होते हे नकाशात दाखवलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

महादजींनी पुढे दिल्लीपर्यंत शिंद्यांचं नाव पुन्हा उभं केलं आणि सॅव्हॉयहून आलेला सेनानी दि बॉयन्या याच्याकडून कवायती कंपू तयार करून घेतले. ही फौज हिंदुस्थानातल्या उत्तम फौजांपैकी एक होती, पण तिच्यात एक गोष्ट जुन्या मराठी फौजेपेक्षा वेगळी होती. जुना शिलेदार पावसाळ्यात गावी परतायचा, शेत नांगरायचा, दसऱ्याला पुन्हा घोड्यावर बसायचा. कवायती शिपाई बारमाही पगारी. त्याला परतायला शेत नव्हतं, किंवा असलं तरी ते शेकडो कोसांवर अवधेत होतं. त्याचा पगार थांबला की त्याच्यापुढे उपाशी राहणं किंवा लूट करणं हे दोनच पर्याय उरायचे. दौलतरावांच्या काळात, १८०३ मध्ये, इंग्रजांशी झालेल्या आसई आणि लासवारीच्या लढायांत हे कंपू मोडले, मुलूख गेला, महसूल आटला. माणसं मात्र होती तिथेच होती.

१८०९ साली दौलतरावांची ही छावणी राजपुतान्यातून फिरत असताना ब्रिटिश रेसिडेंटच्या संरक्षक तुकडीचा अधिकारी थॉमस ब्राउटन तिच्याबरोबर होता. त्यानं पाठवलेली पत्रं १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपानं निघाली. त्याची नजर परक्याची आहे, अनेकदा तुसडीही आहे, तरी छावणीतलं रोजचं जगणं इतकं तपशीलवार दुसरीकडे फारसं सापडत नाही. बिनीवाल्यानं पुढे जाऊन महाराजांच्या डेऱ्याचं निशाण रोवायचं, त्याच्या रेषेत प्रत्येक बाजाराची निशाणं लागायची, आणि काही तासांत मोकळ्या माळावर दुकानांच्या रांगा उभ्या राहायच्या. पण त्या पत्रांत सगळ्यांत जास्त वेळा येतं ते थकलेल्या पगाराचं धरणं. शिपाई अधिकाऱ्याला अडवून बसत, अधिकारी दिवाणाला, आणि पैसा मिळवण्यासाठी महाराज एखाद्या जहागीरदाराच्या गढीला वेढा घालत. ज्या गावाजवळ तळ पडे तिथली उभी पिकं छावणीची जनावरं खात.

याच पत्रांत जोरावर सिंह नावाच्या एका शिपायाची हकीगत आहे. दोन-तीन वर्षं चोख नोकरी केलेला हा जवान खरं तर एक तरुण मुलगी होती, हे अचानक उघडकीला आलं. तिचा भाऊ कर्जापायी भोपाळला कैदेत होता आणि त्याला सोडवण्यापुरता पैसा जमवायला ती पुरुषाच्या वेषात फौजेत आली होती. दौलतराव आणि त्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी तिला मानानं वागवलं, भावाच्या सुटकेतही लक्ष घातलं. हकीगत ऐकणारे तिच्या धाडसाचं कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिच्या हाती बंदूक कशामुळे आली हे अधिक महत्त्वाचं वाटतं. तिला कुणाशी वैर नव्हतं. तिच्या घरावर कर्ज होतं.

पगार न मिळालेल्या, फौजेतून सुटलेल्या, शेतातून उठलेल्या माणसांचा एक मोठा लोंढा त्या काळात पेंढाऱ्यांच्या लुटारू टोळ्यांना जाऊन मिळाला. पेंढाऱ्यांनी खेड्यापाड्यांत जे केलं त्याच्या आठवणी महाराष्ट्रातही दीर्घकाळ टिकल्या. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या तहावर सही केली आणि पेंढाऱ्यांविरुद्ध इंग्रजांना मदत करायचं मान्य केलं. त्यांच्यावर दबाव आणायला गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जची प्रचंड फौज जवळ येऊन बसली होती. त्याच महिन्यात त्या फौजेत कॉलरा शिरला आणि एकही मोठी लढाई न होता हजारो माणसं दगावली. इथेही शिपायांपेक्षा छावणीमागून चालणारे नोकरचाकर आणि बाजारकरी अधिक मेले.

पेंढाऱ्यांच्या पुढाऱ्यांचं पुढे काय झालं हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे. अमीरखानाला टोंकचं संस्थान मिळालं आणि तो नवाब म्हणून अंथरुणावर मेला. करीमखान शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली आणि तो तिथे स्थायिक झाला. वासिल महंमदला गाझीपूरला नजरकैदेत ठेवलं, तिथे त्यानं जीव दिला. चितूला काहीच मिळालं नाही. तो असीरगडाजवळच्या जंगलात लपत फिरला आणि वाघानं त्याला खाल्लं. चौघंही एकाच धंद्यातले. ज्यांना जमीन मिळाली ते शांत झाले, ज्यांना मिळाली नाही ते संपले. पण ज्यांची गावं पेंढाऱ्यांनी जाळली होती त्यांना कुणी काय दिलं? या हिशेबात त्यांचा रकानाच नव्हता. तो प्रश्न पुढे चंबळच्या खोऱ्यात पुन्हा येणार आहे.

१८४३ ची लढाई मराठी वाचकाला फारशी माहीत नाही, आणि याची मला खंत वाटते. फेब्रुवारी १८४३ मध्ये जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांची विधवा ताराबाई वयानं लहान मुलगीच होती. तिनं आठ वर्षांच्या जयाजीरावांना दत्तक घेतलं. दरबारात मामासाहेब आणि दादा खासगीवाले यांचे दोन तट पडले. या सगळ्याच्या मागे उभी होती पंचवीस-तीस हजारांची फौज, जिला लढायला शत्रू नव्हता आणि जिचा पगार राज्याला झेपत नव्हता. फौज कमी करायची हिंमत कुणात नव्हती, कारण फौजच ठरवत होती की दरबारात कोण टिकणार. गव्हर्नर जनरल एलनबरोला पंजाबच्या शीख फौजेची धास्ती होती आणि आग्र्याच्या इतक्या जवळ दुसरी अशी फौज त्याला नको होती. इंग्रजांनी चंबळ ओलांडली. २९ डिसेंबर १८४३ रोजी एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, उत्तरेला महाराजपूर आणि दक्षिणेला पनियार.

महाराजपूरला ग्वाल्हेरच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. ते तोफांपाशीच कापले गेले, आणि त्यांच्या शौर्याची कबुली शत्रूच्या सेनापतीनंही दिली. इंग्रजांच्या बाजूचे मेलेले आणि जखमी महाराजपूरला सुमारे आठशे, पनियारला दोनशेहून अधिक. ग्वाल्हेरच्या बाजूचा आकडा अंदाजानंच सांगितला जातो, तीन हजारांच्या आसपास. जिंकलेल्या तोफा वितळवून त्या धातूचे तारे पाडले आणि लढलेल्या इंग्रजी फौजेला पदक म्हणून वाटले. कोलकात्याला हुगळीच्या काठी ग्वाल्हेर स्मारक उभं राहिलं. ज्यांनी त्या तोफा ओतल्या, ज्यांनी त्या डागल्या आणि ज्यांच्या प्रेतांवरून त्या ओढून नेल्या, त्यांची यादी कुठेही कोरलेली नाही. त्या तीन हजारांत ब्रज बोलणारे होते, अवधी बोलणारे होते, मराठी बोलणारेही होते. त्यांच्या घरी बातमी कशी पोचली असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो.

जानेवारी १८४४ च्या तहानं शिंद्यांची फौज नऊ हजारांवर आणली. उरलेल्यांना घरी जायला सांगण्यात आलं. त्याच वेळी शिंद्यांच्या खर्चानं, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, ग्वाल्हेर कंटिन्जंट वाढवण्यात आली. एका फौजेला नको म्हणून दुसरी उभी केली गेली, आणि तेरा वर्षांनी, १४ जून १८५७ रोजी, मुरारच्या छावणीत तीच फौज उठली. दिवाण दिनकरराव राजवाडे यांनी तिला कित्येक महिने ग्वाल्हेरातच थोपवून धरलं, ते मुख्यतः पगार आणि आश्वासनं देऊन. त्यानंतरची कथा सर्वांना ठाऊक आहे. तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाई १ जून १८५८ ला ग्वाल्हेरवर आले, जयाजीरावांची फौज त्यांना मिळाली, आणि जूनच्या मध्याला कोटा की सरायजवळच्या लढाईत राणी पडली.

त्या वर्षाबद्दल मराठीत एक असं पुस्तक आहे जे लिहिणाऱ्याचं युद्धाशी काहीच देणंघेणं नव्हतं. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेला निघाले होते. बायजाबाईंच्या यज्ञाची वार्ता त्यांना तिकडे घेऊन गेली आणि ते सापडले झाशीच्या वेढ्यात. शहर पडल्यावरचे कत्तलीचे आणि लुटीचे दिवस त्यांनी लपून, उपाशीतापाशी काढले. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापलं गेलं. सेनापतींच्या अहवालांत जे नसतं ते त्यात आहे: पाण्याची भीती, घरात शिरणाऱ्या शिपायाच्या पावलांची भीती, जमवलेला पैसा गेल्याचं दुःख. युद्धाची किंमत समजून घ्यायची असेल तर मी कुठल्याही लष्करी इतिहासाआधी हे पुस्तक वाचायला सांगेन.

आता शंभर वर्षं पुढे येऊ. ग्वाल्हेरच्या उत्तरेला चंबळ आणि तिच्या उपनद्यांनी जमीन खोल कापून काढली आहे. त्या बीहडांत हातात बंदूक घेऊन शिरलेल्याला तिथले लोक डाकू म्हणत नाहीत, बागी म्हणतात. बहुतेकांची सुरुवात जमिनीच्या भांडणातून झाली. बांधावरून मारामारी, मग खून, मग पोलिसांचा पक्षपात, मग सूड. आग्रा जिल्ह्यातल्या खेडा राठोरचा मानसिंह असाच बीहडात गेला आणि १९५५ मध्ये मारला गेला. त्याचा मुलगा तहसीलदार सिंह नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. त्यानं विनोबांना लिहिलं की मरण्याआधी भेटायचं आहे, आणि माझ्या बाकीच्या साथीदारांशी तुम्ही बोला.

विनोबा रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावचे. भूदानासाठी ते तेव्हा देशभर पायी फिरत होते. त्यांनी निवृत्त मेजर जनरल यदुनाथ सिंह यांना तहसीलदार सिंहाकडे पाठवलं आणि मे १९६० मध्ये ते स्वतः चंबळच्या खोऱ्यात शिरले. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत यदुनाथ सिंह बीहडात जाऊन टोळ्यांना भेटत होते. आयुष्यभर सैन्यात घालवलेला माणूस निःशस्त्र होऊन बंदूकवाल्यांपुढे बसतो, यातली जोखीम लहान नव्हती. वीस जणांनी विनोबांपुढे शस्त्रं ठेवली. त्यांत लुक्का म्हणून ओळखला जाणारा लोकमन दीक्षितही होता. तहसीलदार सिंहाची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली.

टीका तेव्हाच झाली, आणि ती हलकी नव्हती. मध्य प्रदेशचे पोलीस प्रमुख के. एफ. रुस्तमजी यांनी उघडपणे नाराजी व्यक्त केली. ज्या पोलिसांनी टोळ्यांशी लढताना जीव दिला त्यांच्या घरच्यांनी काय समजायचं? ज्यांचे मुलगे पळवून नेऊन मारले गेले, त्यांनी या माणसांच्या गळ्यात पडणारे हार कसे पाहायचे? या प्रश्नांना हृदयपरिवर्तन हे पुरेसं उत्तर नाही, असं माझं मत आहे, आणि विनोबांबद्दल अपार आदर ठेवून मी ते मांडतो. विनोबा पुढच्या पदयात्रेला निघून गेले. शस्त्र ठेवलेले लोक खटल्यांत आणि तुरुंगात अडकले. त्यांची शेतं भाऊबंदांनी दाबली होती, जुने वैरी गावात वाट पाहत होते. वीसचे दोनशे व्हायला आणखी बारा वर्षं गेली, त्याचं कारण हेच.

त्या बारा वर्षांतला धडा घेऊन दुसरा प्रयत्न झाला. माधोसिंह हा मूळचा सैन्यात नोकरी केलेला. १९७१ मध्ये तो राम सिंह नावाचा ठेकेदार बनून पाटण्याला जयप्रकाश नारायणांकडे गेला आणि नंतर त्यानं आपली खरी ओळख सांगितली. जयप्रकाशांनी केंद्र सरकारशी आणि संबंधित राज्य सरकारांशी महिनोन् महिने बोलणी केली. फाशी होणार नाही, खटले मात्र चालतील, मुलांच्या शिक्षणाकडे आणि घरच्यांच्या पोटापाण्याकडे सरकार पाहील, अशी चौकट ठरली. १४ एप्रिल १९७२ रोजी मोरेना जिल्ह्यात जौराला, एस. एन. सुब्बराव यांच्या गांधी सेवाश्रमात, माधोसिंह, मोहरसिंह आणि त्यांच्या साथीदारांनी गांधीजींच्या प्रतिमेपुढे बंदुका ठेवल्या. पुढच्या काही आठवड्यांत हा आकडा शेकड्यांत गेला. त्यांतल्या अनेकांना आधी ग्वाल्हेरच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवलं. पुढे मुंगावलीला त्यांच्यासाठी खुला तुरुंग सुरू झाला, जिथे ते शेती करत. चंबळची दरोडेखोरी त्यानं संपली नाही. १९८१ मध्ये पानसिंग तोमर, एके काळचा राष्ट्रीय विजेता धावपटू आणि सैन्यातला सुभेदार, जमिनीच्या भांडणातूनच बागी होऊन मारला गेला. पण जौराला शस्त्र ठेवलेले शेकडो लोक म्हातारे होऊन आपल्या गावी मेले, आणि त्यांच्या हातून होऊ शकले असते ते खून झाले नाहीत.

कोलंबियात हाच पेच एका देशाच्या मापाचा झाला. पन्नास वर्षांच्या यादवीनंतर २०१६ मध्ये सरकार आणि फार्क बंडखोरांत करार झाला, आणि ऑक्टोबरमधल्या सार्वमतात लोकांनी तो अगदी थोड्या मतांनी फेटाळला. गुन्हेगार सहज सुटतात, हा मुख्य आक्षेप होता. करारात बदल करून तो नोव्हेंबरमध्ये संसदेनं संमत केला. बंडखोरांनी दिलेल्या शस्त्रांतली ३७ टन शस्त्रं वितळवून शिल्पकार डोरिस साल्सेदो हिनं बोगोटात एका दालनाची जमीन तयार केली. तिचे साचे ठोकायला तिनं युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना बोलावलं. ग्वाल्हेरच्या तोफांच्या धातूचे तारे जिंकणाऱ्यांच्या छातीवर गेले होते. बोगोटात तो धातू सोसणाऱ्यांच्या हातात दिला गेला.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न गडचिरोलीत आहे, आज आहे. राज्याची आत्मसमर्पण योजना २००५ पासून चालू आहे आणि शेकडो माओवाद्यांनी तिच्याखाली शस्त्रं ठेवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं ठेवली. अशा प्रत्येक बातमीत शरण आलेल्याला किती रक्कम मिळणार हे छापून येतं. ते जरूर द्यावं, त्याशिवाय कुणी जंगलातून बाहेर येणार नाही. पण ती बातमी वाचाल तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारा, आमदाराला विचारा, वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारा. खबऱ्या ठरवून मारलेल्या आदिवासी माणसाच्या घरी काय पोचलं? आणि सुरुंगात गेलेल्या पोलिसाची मुलं आज काय करतात?